हॉलमधला नकाशा

काल्हेरमध्ये राहणाऱ्या माणसाला घर सजवायला फार लांब जावं लागत नाही. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की गोदामं सुरू होतात, ती अंजूरफाट्याच्या पुढे गेलं तरी संपत नाहीत. मुंबईकरांनी मोबाइलवर मागवलेला बराचसा माल आधी आमच्या गावात मुक्काम करतो. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला, कोपरा चेपलेला, काच तडकलेला माल लॉटमध्ये स्वस्तात निघतो. माझ्या नणंदेचा मुलगा अशाच एका गोदामात पॅकिंगला आहे. त्याच्यामुळे आमच्याकडे एका कानाचा कुकर आहे, दोनच चाकं नीट फिरणारी बॅग आहे आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून जगाचा एक जुना नकाशा आहे.

नकाशा जुना म्हणजे जुन्यासारखा दिसणारा. तीन फूट बाय दोन फूट, चॉकलेटी फ्रेम, एका कोपऱ्याला खोक. खोक्यावर ‘व्हिंटेज वर्ल्ड मॅप, लिव्हिंग रूमसाठी’ असं काहीसं छापलेलं. भाच्याने साडेतीनशे रुपये सांगितले, मी तीनशे दिले. पिवळसर कागद, शिडांची जहाजं, समुद्रातून तोंड वर काढणारे राक्षसी मासे. शाळेत रोज जो नकाशा पाहते त्यात निळा समुद्र आणि रंगीत देश, दुसरं काही नाही. हा मात्र पाहत बसावं असा होता. सोफ्यासमोरची मोठी भिंत आम्ही घर घेतल्यापासून रिकामी होती. मी खिळा ठोकला आणि नकाशा टांगला.

असरच्या नमाजेला अम्मा आतून आल्या, जानमाज अंथरली, मान वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या.

“हे काय गो लावलंस?”

“जगाचा नकाशा आहे अम्मा.”

“नकाशा आहे ते दिसतंय. ही उघडी माणसं कोण?”

मी खरंच तोवर तिकडे पाहिलं नव्हतं. नकाशाच्या चारही बाजूंनी चित्रांच्या पट्ट्या होत्या. वरच्या पट्टीत सात ग्रह माणसांच्या रूपात, डावीकडे चार तत्त्वं, उजवीकडे चार ऋतू, खाली प्राचीन जगातली सात आश्चर्यं. बऱ्याचजणांच्या अंगावर कपडे बेताचेच होते. आणि ती भिंत नेमकी पश्चिमेची, म्हणजे आमच्या घरातली किब्ल्याची. हॉलमध्ये नमाज पढायची तर तोंड तिकडेच होणार.

अम्मा वाद घालणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी जानमाज गुंडाळली आणि आतल्या खोलीत गेल्या. तिथे पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा आहे, सजद्यात डोकं कपाटाच्या हँडलला लागतं. मगरिबही तिथेच, इशाही तिथेच. दोन दिवस हे चाललं. नवरा म्हणाला, “काढून टाक ना.” मी म्हटलं, “बघते.” मला राग आला होता, हे कबूल करते. शिकलेल्या सुनेला जसा येतो तसा. नकाशा म्हणजे ज्ञान, आणि आमच्या घरात त्याला विरोध होतोय! हा राग घेऊनच मी त्या नकाशाबद्दल वाचायला बसले. अम्मांना चार गोष्टी ऐकवाव्यात हाच हेतू होता.

नकाशा सापडायला वेळ लागला नाही. घर सजवायला सगळ्यात जास्त छापल्या जाणाऱ्या नकाशांपैकी तो एक आहे. विलम ब्लाउ नावाच्या ॲमस्टरडॅमच्या माणसाने तो १६०६ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापला आणि पुढे त्याच्या ॲटलासांमध्ये तो वर्षानुवर्षं येत राहिला. हाच ब्लाउ १६३३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकृत नकाशाकार झाला. म्हणजे माझ्या भिंतीवरच्या गोजिरवाण्या जहाजांना मालक होता, आणि त्यांना मिरी, जायफळ, लवंग कुठून उचलायची ते पक्कं ठाऊक होतं.

आपल्याला वाटतं की नकाशा भिंतीवर शोभेला लावणं ही आजची टूम. तसं नाही. त्या काळच्या हॉलंडमध्येही व्यापाऱ्यांच्या घरात भिंतीवर मोठे नकाशे लागत. फर्मेर या चित्रकाराच्या कितीतरी चित्रांत खिडकीशी बाई उभी आणि मागे नकाशा, असं दृश्य आहे. भिंतीवरचे ते नकाशे उन्हाने, धुराने, ओलीने गेले. जे पुस्तकात बंद होते ते टिकले. पुढे गंमत अशी झाली की टिकलेली पुस्तकं लोकांनी सुट्टी केली, कारण अख्ख्या ॲटलासपेक्षा एकेक पान फ्रेम करून विकलं तर जास्त पैसे मिळतात. आज जे अस्सल जुने नकाशे दिवाणखान्यांत दिसतात, त्यांतले पुष्कळसे असेच कुठल्यातरी पुस्तकाच्या पोटातून कापून काढलेले असतात.

सगळ्यात मजेशीर कथा पोर्तुगिजांच्या एका नकाशाची आहे. १५०२ साली लिस्बनमध्ये हातानं काढलेला तो नकाशा कांतीनो नावाच्या इटालियन हेराने गुपचूप बाहेर काढून फेरारा या इटालियन संस्थानाच्या ड्यूककडे पोहोचवला. पोर्तुगिजांना आपली समुद्री माहिती कुणाच्या हाती लागू द्यायची नव्हती. आपल्या हिंदुस्थानचा खाली निमुळता होणारा त्रिकोण युरोपच्या नकाशात नीट दिसू लागला तो या सुमारास. त्याआधीच्या, टॉलेमीवरून काढलेल्या नकाशांत आपलं दख्खन असं नाहीच, किनारा सपाट, आणि श्रीलंका मात्र हत्तीएवढी. (आपलं सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, टॉलेमीच्या यादीत आहे. विरार लोकलमध्ये लटकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.) तर तो चोरून आणलेला मौल्यवान नकाशा १८५९ च्या दंगलीत मोडेनाच्या राजवाड्यातून लुटला गेला आणि नंतर सापडला तो एका खाटकाच्या दुकानात. त्याने तो पडद्यासारखा आडोशाला लावला होता. पोर्तुगालचं राजकीय गुपित आणि मागे लटकलेलं मांस!

ही गोष्ट मी अम्मांना जेवताना सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “त्याने निदान नमाजेच्या जागेवर नव्हता लावला.”

मी पुढे वाचत गेले, आणि मग अशा एका गोष्टीवर येऊन थांबले जिने माझा राग थोडा उतरवला. कोलोनच्या गेओर्ग ब्राउन या पाद्र्याने १५७२ पासून जगातल्या शहरांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढायला सुरुवात केली. त्यात आपलं गोवा आहे, दीव आहे, कालिकत आहे. शहराच्या पुढे त्या त्या मुलखातली माणसं आपापल्या पेहरावात उभी. ही माणसं का काढली? त्याचं एक कारण ब्राउनने स्वतःच दिलंय. तुर्कांच्या धर्मात माणसांची चित्रं निषिद्ध, तेव्हा असं पुस्तक ते हातात घेणार नाहीत आणि आपली शहरं जिंकायला त्याचा उपयोग करणार नाहीत!

मी ते दोनदा वाचलं. साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने नकाशात माणसं पेरली ती माझ्या सासूसारख्यांना लांब ठेवायला, आणि काल्हेरच्या एका हॉलमध्ये ती युक्ती अजून चालते आहे.

ब्राउनची समजूत तशी कच्चीच होती. पिरी रईस या उस्मानी दर्यावर्दीने १५१३ मध्ये हरणाच्या कातड्यावर जो नकाशा काढला, त्यात माणसं आहेत, प्राणी आहेत, जहाजं आहेत. तो १९२९ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. तुर्की आरमारात वापरायला चित्रांची अडचण नव्हती. आणि आमच्याकडच्या बादशहांची तऱ्हा तिसरीच. इंग्रज वकील टॉमस रो याने १६१७ मध्ये जहांगीरला मर्केटरचा ॲटलास नजर केला. काही दिवसांनी जहांगीरने तो परत पाठवला, आमच्या विद्वानांना हे वाचता येत नाही म्हणून. मात्र त्याच जहांगीरच्या चित्रकारांनी बादशहाला पृथ्वीच्या गोलावर उभं करून झकास चित्रं काढली. म्हणजे पृथ्वीचा गोल शोभेला हवा, वाचायला नको. मला हे वाचून हसू आलं, मग गप्प झाले. मी तरी तीनशे रुपयांत दुसरं काय आणलं होतं? त्या छपाईत आपल्या किनाऱ्यावरची अक्षरं इतकी फुटलेली आहेत की एकही नाव धड लागत नाही. माझाही नकाशा वाचायचा नव्हताच.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या बाईला इथे एक शब्द टोचल्याशिवाय राहत नाही. मराठीत नकाशा वेगळा आणि नक्षी वेगळी. पण दोन्ही एकाच घरच्या, अरबी ‘नक़्श’च्या. एक दाखवते कुठे जायचं, दुसरी नुसती शोभते. मुलांना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. आमच्या काल्हेरचे आगरी-कोळी ‘नाखवा’ म्हणतात तोही फारसी ‘नाख़ुदा’, जहाजाचा धनी. मुलांना मजा वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते, तो मी इतका वेळ टाळत होते.

अम्मांचं माहेर दाभोळचं. त्यांचे वडील मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हजच्या बोटींवर खलाशी होते. आपल्या कोकणातल्या किती घरांतली माणसं त्या मुघल लाइनच्या बोटींवर होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. विमानं वाढली, १९९५ नंतर हजची बोट बंदच झाली. वडील कैक वेळा जेद्दाला गेले, अम्मा एकदाही नाही. आपण हजला जायचं हे त्यांनी लहानपणी वडिलांच्या ट्रंकेशी बसून ठरवलं होतं. लग्नानंतर शिवणकाम करून, पापड-लोणची विकून, मुलांनी हातात दिलेले पैसे न मोडता त्यांनी रक्कम जमवली.

भिवंडीतल्या वाटणीच्या घरातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा काल्हेरच्या या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडत होते. कुणी मागितले नाहीत. अम्मांनी पासबुक आणून नवऱ्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, “कर्जात असलेल्यावर हज फर्ज नाही, आणि तुम्ही कर्जात म्हणजे मी कर्जात.” फिकह त्या माझ्यापेक्षा बऱ्या जाणतात. आम्ही दोघांनी दोन वर्षांत परत करतो म्हटलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. आधी मुलीची ॲडमिशन, मग लॉकडाउन, मग नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन. अम्मांनी एकदाही विषय काढला नाही. त्यामुळे आम्हीही काढला नाही.

ती पश्चिमेची भिंत त्या पैशांची आहे. आणि मी तिच्यावर काय लावलं, तर त्याच समुद्राचं शोभेचं चित्र.

हे मला एकदम सुचलं असं नाही. तिसऱ्या रात्री मी यान हायगेन फान लिंसखोटनचा नकाशा पाहत होते. हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपचा सेक्रेटरी होता. तिथे बसून त्याने पोर्तुगिजांची समुद्रमार्गांची माहिती उतरवून घेतली आणि मायदेशी जाऊन १५९६ मध्ये छापून टाकली. त्यातला अरबी समुद्राचा नकाशा मी मोबाइलवर मोठा करून बघत होते. चौल, वसई, गोवा अशी आपली माणसं भेटत गेली. पश्चिमेला सरकले तर तांबडा समुद्र, आणि मथळ्यात त्याला दिलेलं लॅटिन नाव, ‘फ्रेती मेकानी’. मक्केची सामुद्रधुनी. गोव्यातल्या ख्रिस्ती कचेरीत बसलेल्या माणसालाही तो समुद्र मक्केच्या नावानेच ठाऊक होता, कारण या किनाऱ्यावरची गलबतं मक्केला जायची.

आणि जायची ती पोर्तुगिजांच्या परवान्यावर. कार्ताझ म्हणत त्याला. तो नसेल तर जहाज लुटलं जायचं, जाळलंही जायचं. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली, तर परवान्याच्या घोळात तिला सुरतेत सुमारे वर्षभर थांबावं लागलं. जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ जहाज १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी धरलं. बादशहाच्या आईची ही गत, तिथे दाभोळच्या खलाशाला कोण विचारतो. दाभोळ तर अल्मेदाने १५०८ च्या डिसेंबरात जाळून बेचिराख केलं होतं. चौलच्या लढाईत मेलेल्या मुलाचा सूड घ्यायला तो उत्तरेकडे निघाला होता आणि दाभोळ वाटेत होतं.

त्या परवान्यांवर येशू आणि मरियमची चित्रं असत. बदायुनीने लिहिलंय की अकबराच्या दरबारातल्या मखदूम-उल-मुल्क यांनी फतवाच दिला: खुश्कीच्या वाटेवर इराणचे किझिलबाश आणि समुद्रावर चित्रांचा परवाना देणारे फिरंगी, तेव्हा हिंदुस्थानच्या मुसलमानांवर सध्या हज फर्ज नाही. मखदूमसाहेबांना स्वतःलाच जायचं नव्हतं, असा बदायुनीचा टोमणा आहे. पण कागदावरचं चित्र आणि हजची वाट यांचं भांडण माझ्या हॉलमध्ये सुरू झालेलं नव्हतं, हे मला त्या रात्री कळलं.

सकाळी मी अम्मांना ही गोष्ट सांगितली. परवान्याची, चित्रांची, गुलबदन बेगमची. ऐकवायला म्हणून नाही, नुसतीच. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “आमच्या दाभोळच्या आयेशाबीचं तसंच झालं की.” बंदराजवळची ती मोठी घुमटाची मशीद, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शहजादी आयेशाबी मक्केला जायला म्हणून दाभोळला आली, समुद्रात चाच्यांची भीती म्हणून तिला जहाज मिळेना, मग हजसाठी आणलेल्या पैशांतून तिने ती मशीद बांधली, असं सांगतात. मी मशीद पाहिली होती, गोष्ट वरवर ऐकली होती.

“मग तिचा हज?” मी विचारलं.

“अल्लाला माहीत. मशीद आहे अजून.” मेथीची काडी मोडत त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, “घर पण आहे.”

मी काही बोलू शकले नाही. मेथी संपेपर्यंत दोघी निवडत बसलो.

संध्याकाळी नवऱ्याशी बोलले. आम्ही वही काढली, हप्ते किती उरलेत, माझा फरक कधी मिळेल, पीएफमधून किती निघतील. आकडे इथे देत नाही. पुढच्या वर्षी जमेल असं दिसत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी जमू शकतं. निदान ते लिहिलेलं आहे. वही अम्मांना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी पोरीचं बघा.” पण वही त्यांनी नीट पाहिली, चष्मा लावून, दोन्ही पानं.

रविवारी मी नकाशा खाली उतरवला. मागचे खिळे उचकटून छपाई बाहेर काढली आणि मुलीच्या हातात पट्टी आणि कटर दिलं. ब्लाउच्या नकाशाचं एक बरं आहे, चित्रांच्या पट्ट्या चारही बाजूंना सरळ रेषेत आहेत. जुन्या ॲटलासांची चिरफाड करणाऱ्यांना मी नावं ठेवली होती, आणि इथे स्वतःच चिरफाड करत होते. अर्थात ती गोदामातल्या लॉटची. ग्रह गेले, ऋतू गेले. खालच्या पट्टीतले पिरॅमिड आणि अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला बाजूला काढून ठेवले. फ्रेम मोठी झाली, तर आत काळा कार्डपेपर घातला. मासे राहिले. त्यांच्याबद्दल अम्मांना विचारलं तर म्हणाल्या, “एवढे बारीक चालतील, लांबून दिसत पण नाहीत.” तरी मी तो किब्ल्याच्या भिंतीवर लावला नाही, बाजूच्या, खिडकीकडच्या भिंतीवर लावला. त्या खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात आणि त्यांच्या पलीकडे, ओहोटी नसेल तर, खाडीचं पाणी. हे पाणी कल्याणहून येतं आणि घोडबंदरवरून वसईला समुद्रात जातं. एका टोकाला ग्रीकांना ठाऊक असलेलं बंदर, दुसऱ्या टोकाला पोर्तुगिजांचा किल्ला. मधलं काल्हेर मी पाहिलेल्या कुठल्याच जुन्या नकाशात नाही.

असरला अम्मांनी हॉलमध्ये जानमाज अंथरली. नमाज झाल्यावर उठून नकाशाजवळ गेल्या.

“ह्यात दाभोळ कुठे?”

नाव नाही म्हटलं, पण जागा दाखवली. मग मक्का कुठे ते विचारलं. मी जेद्दाच्या अंदाजाने बोट ठेवलं. त्यांनी एक बोट माझ्या बोटाशी ठेवलं, दुसरं दाभोळवर, आणि मधलं अंतर बघत राहिल्या.

“बाबा आठवड्याभरात पोहोचायचे,” त्या म्हणाल्या. “बोट वरून जायची का खालून?”

मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. अम्मांनी बोटानेच एक वाट काढली, दाभोळवरून आधी मुंबईला वर, मग आडवी, अरबस्तानाच्या खालच्या टोकाला वळसा घालून वर. एडनला वळली असावी. नंतर म्हणाल्या, खिळा फार वर ठोकलायस, मान दुखते बघताना.

खिळा चार बोटं खाली घेतलाय.